मापाचा ब्लाउज

आमच्या गावात बायका अंगावर माप देत नाहीत. मालवणात शिवणक्लासला होते तेव्हा बाईंनी टेप कशी धरायची, छातीवरून कुठून कुठे न्यायची, काखेत किती बोटं सोडायची, ते सगळं घोटून घेतलं होतं. लग्न होऊन इथे आले, पडवीत मशीन मांडली आणि पहिल्याच गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावायला गेले, तर ती दोन पावलं मागे सरली. पिशवीतून जुना ब्लाउज काढून तिने माझ्या पुढ्यात टाकला. ह्याच्यावरून शिव, म्हणाली, अंगाला हात लावायचं काय काम? तेव्हापासून तीस वर्षं मी ब्लाउजवरून ब्लाउज शिवते आहे. बाई येत नाही, तिचा मापाचा ब्लाउज येतो. कधी एसटीच्या कंडक्टरबरोबर, कधी नवऱ्याच्या स्कूटरच्या डिकीतून, कधी कोळणीच्या मासळीच्या पाटीवर ठेवून. मग दोन दिवस मी त्या वासाला आणि पाठवणारीला शिव्या घालत मशीन चालवते.

माझी एक वही आहे. प्रत्येक बाईचं एक पान. छाती, कंबर, बाही, मुंढा, आणि शेजारी कुठल्या सणाला शिवला ते. नुसत्या कापडावरून मला पुष्कळ कळतं. कोण गरोदर आहे ते तिच्या सासूच्या आधी मला दोनदा कळलेलं आहे. कोणाच्या घरी भांडण चालू आहे ते तुटलेल्या हुकांवरून कळतं. आणि कोण बारीक होते आहे ते तर सगळ्यांत आधी.

बाई बारीक झाली की आधी गाल जातात आणि मग छाती. पोट मात्र शेवटपर्यंत चिकटून बसतं, मेलं. छातीत चरबीच जास्त, ती उतरली की आतलं भरण जातं आणि कातडी तेवढी मागे उरते. ती काय रबर नाही परत आखडायला. माप कमी होतं आणि घट्टपणाही जातो, ब्लाउजचे टक्स दोन बोटं खाली घ्यावे लागतात. मला स्वतःला टायफॉइड झाला होता तेव्हा दीड महिन्यात माझं असंच झालं, आणि नंतर अंग भरलं तरी ते पहिल्यासारखं झालं नाही. रडायला आलं होतं, खोटं कशाला सांगू? पण दोन्ही बाजू एकदमच उतरल्या. उतरतात त्या दोन्ही उतरतात, एखादी दोन-चार दोऱ्यांनी पुढेमागे. तीस वर्षांच्या वहीत एका बाईची एकच बाजू उतरली असं कधी झालेलं नव्हतं.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणून पुढे जे झालं त्यात, मला काय कळतंय त्यातलं, असं म्हणून हात झटकायची सोय मला नाही. माझ्या नणंदेच्या जिवावर बेतलेलं दुखणं डॉक्टरांच्या आधी, तिच्या नवऱ्याच्या आधी, माझ्या टेपला लागलं. आणि मी ते झाकलं. चांगलं सफाईने झाकलं.

नणंद माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. कट्टा गावात दिलेली, नवऱ्याचं किराणा मालाचं दुकान. अंगाने भरलेली, हसली की बाकडं हलायचं. गल्ल्यावर ती बसली की गिऱ्हाईक अर्धा तास जास्त रेंगाळायचं, कारण गप्पा-गजालींना तिच्याकडे तोटा नव्हता. मला वयनी म्हणायची आणि भावापेक्षा माझ्यावर जास्त हक्क सांगायची. तिच्या लग्नाचा ब्लाउज मी शिवला, डोहाळजेवणाचा मी शिवला, मुलीच्या बारशाचा मी शिवला. वहीत तिची चार पानं झाली होती आणि प्रत्येक पानावर माप चढतंच गेलं होतं.

एका शिमग्यानंतर तिला साखर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उतरवा, नाहीतर गोळ्या वाढतील. त्याच महिन्यात मुलीचं लग्न ठरलं, मुलगा वेंगुर्ल्याचा, चांगल्या घरचा, आणि वर्षाने म्हणजे पुढच्या मे महिन्यात करायचं असं बोलणं झालं. झालं, बाईंच्या अंगात आलं. रात्रीचा भात बंद. आमच्याकडे माणसाने श्वास घ्यायचं सोडलं तर चालेल, भात सोडणं म्हणजे घरात कोणी गेल्यासारखं. सकाळची पेज बंद, चहातली साखर बंद, कालवणातलं नारळाचं वाटप अर्ध्यावर. पहाटे उठून बाजारातून तिठ्यापर्यंत चालायची, साडीवर नवऱ्याचे बूट घालून. लोक हसले. मी तर पोट धरून हसले. तिला म्हटलं, तू आणि बारीक होणार? वाळूतून तेल काढण्यापैकी आहे हे.

पण ती खरंच उतरली. चतुर्थीला माहेरी आली तेव्हा मी तिला दारात ओळखलं नाही. गळ्याची हाडं दिसत होती. शेजारणी जमल्या, कोणी तिला फिरवून पाहिलं, कोणी काय खातेस ते विचारलं. मला आनंद झाला आणि थोडं जळलंही, कारण तोवर मी चांगलीच सुटले होते. चतुर्थीच्या ब्लाउजला तिने मापाचा पाठवला तेव्हा वर चिठ्ठी होती, दोन्ही बाजूंनी दीड दीड इंच घे. मी घेतला. वहीत लिहिलं. दोन्ही बाजू सारख्या.

तुळशीचं लग्न झाल्यावर मुलीचा साखरपुडा होता. त्या ब्लाउजसाठी ती स्वतः आली, भर दुपारी, मी जेवून जरा आडवी होणार तेवढ्यात. पडवीचं दार तिने आतून लावून घेतलं. मला वाटलं, भांडून आली काय घरी? ती मशीनच्या स्टुलावर बसली आणि पदर बाजूला केला.

"रिकाम्यो पिशव्यो झाल्यो गो, वयनी," ती म्हणाली आणि हसायला गेली ते रडूच आलं.

मग सगळं बाहेर पडलं. नवरा थट्टेने म्हणाला होता, देवाने तुझ्या बाबतीत काटा मारला. दुकानदाराच्या तोंडी दुकानदाराचीच भाषा, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तिला ते लागलं होतं. मोबाइलवर बघून ती रोज कसलं तरी तेल चोळत होती आणि भिंतीला हात लावून व्यायाम करत होती. मी तिला माझं टायफॉइडचं सांगितलं. तेलाने कातडी मऊ होईल, घट्ट नाही व्हायची. व्यायामाने खालचे स्नायू बळकट होतील, पण वरचं जे गेलं ते गेलं. साखर उतरली ना, मग झालं तर, म्हटलं. आपल्या वयाला काय कोणी गाभुळलेल्या चिंचा मोजायला बसलंय? ती हसली. डोळे पुसले. आणि मग तिने ते वाक्य उच्चारलं जे मला अजून झोपेत ऐकू येतं.

"पण डावी बरी आसा. डावी अजून तशीच आसा, चेडवासारखी."

तरण्या पोरीसारखी, असं अभिमानाने म्हणाली. एवढ्या नुकसानीत एक बाजू तरी वाचली म्हणून. मी उठून टेप आणली आणि पहिल्यांदाच, नात्यातली म्हणून, तिच्या अंगावर माप घेतलं. उजवी चतुर्थीपेक्षाही उतरली होती. डावी उतरली नव्हती. भरलेली, घट्ट, आणि टेपखाली बोटांना लागत होतं ते मांस नुसतं ताठ नव्हतं, टणक होतं. कापडाची घडी आत राहिली की वरून जशी लागते तसं. मी विचारलं, दुखतं का? तर दुखणं नाही, खुपणं नाही. मग बरं, मी म्हटलं. बरं म्हटलं मी.

तिला दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या होत्या. मुलाकडची माणसं येणार, फोटो निघणार. आता शिवणाऱ्या बाईने काय करायचं? दोन बाजू कमी-जास्त असतील तर एक नमुना धरायचा आणि दुसरी तिच्या बरोबरीला आणायची. मी डावी नमुना धरली. चांगली म्हणून. उजव्या बाजूला आतून स्पंजचा कप घातला, त्याच्याखाली कापसाची पातळ गादी टाचली, अस्तराने सगळं झाकलं. अंगात घालून तिने आरशात पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. वहीत मी लिहिलं, उजवी, भर. माझ्या हाताने लिहिलेले ते दोन शब्द.

साखरपुड्यानंतर तो ब्लाउज परत आला. डाव्या काखेत ओढतंय, असं तिने नवऱ्याकडून, म्हणजे आमच्या भावोजींकडून, सांगून पाठवलं. मी मुंढा उसवून अर्धा इंच मोकळा केला. पंधरा दिवसांनी तोच ब्लाउज पुन्हा आला, पुन्हा डावीच काख. उजव्या काखेची तक्रार नव्हती. ह्या वेळी उसवताना मी अस्तर उजेडात धरलं तर डाव्या बाजूला एका जागी ते घासून पातळ झालं होतं, रुपयाएवढ्या जागी. एकाच जागी आतून सारखं काहीतरी घासत असल्यासारखं. मी ते बघितलं, अस्तर बदललं, आणि जुना तुकडा चिंध्यांच्या पिशवीत टाकला.  घासण्याचं कारण शोधायला गेले असते तर सापडलं असतं, म्हणून शोधायला गेले नाही.

ते कारण मग आपल्या पायांनी चालत घरी आलं. आमच्या वाडीची आशाताई, सरकारी आरोग्याचं काम करणारी, ब्लाउज शिवायला टाकायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की तिला आता बायकांना छाती कशी तपासायची ते घरोघर सांगायचं काम दिलंय, पण कोणी उभं करत नाही, ऐकलं की आत पळतात. मी सहज विचारावं तसं विचारलं की बाई बारीक झाली आणि एकच बाजू सैल पडली तर? ती शिकवलेलं पाठ म्हणावं तशी बोलली. वजन उतरलं की दोन्ही बाजू सैल पडतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक पडली आणि दुसरी पडली नाही, कडक राहिली, तर जी कडक राहिली तिची काळजी करायची. आणि वर आत गाठ लागली किंवा कातडी आत ओढली गेली, तर एक दिवस थांबायचं नाही.

मी मशीनवर बसले होते. माझा पाय पॅडलवर तसाच राहिला.  ज्या बाजूची आम्ही दोघींनी कीव केली ती निरोगी होती. जिचं कौतुक केलं, जी नमुना धरली, तीच नासलेली होती. आणि मी तिला भर घालून जोडीदारीण मिळवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने कट्ट्याला गेले. घरात लग्नाची गडबड. मागच्या दारी बायका फेण्या वाळत घालत होत्या, नणंद मध्ये बसून सगळ्यांना हसवत होती आणि त्या तिला म्हणत होत्या की नवरीपेक्षा नवरीची आईच झकास दिसणार. मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि सगळं सांगितलं. आशाताई काय म्हणाली, अस्तर कसं घासलं होतं, मला काय लागलं होतं हाताला. म्हटलं, आत्ता ऊठ, डॉक्टरकडे जाऊ.

ती ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. तेव्हा मला कळलं की तिलाही माहीत होतं. किती दिवसांपासून, ते मी विचारलं नाही.

"लगीन होवंदे," ती म्हणाली. "मगे जातंय. आता भायर पडला तर लगीन मोडतला."

आवस अशी, उद्या लेकही तशीच निघेल, असं म्हणायला लोकांना कितीसा वेळ लागतो? तिच्याच चुलत घरात असं एक लग्न मोडलेलं तिने पाहिलं होतं. त्यात मुलगी एकुलती एक, स्थळ चांगलं, मे महिना तीन महिन्यांवर. इतके दिवस गेले, आणखी तीन महिन्यांनी काय होणार आहे, असं ती म्हणाली. मी चिडले, तिला अद्वातद्वा बोलले, तुला मुलीचं लग्न लागलेलं बघायचंय की मुलीला तुझं तेरावं दाखवायचंय, असंही बोलून गेले. त्यावर तिने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली. भावाला सांगायचं नाही, माझ्या घरी सांगायचं नाही, चेडवाला तर नाहीच नाही.

आणि मी गप्प बसले. रस्त्यात भांडणारी, नवऱ्याला चार माणसांत सुनावणारी, सरपंचाला दारातून परत पाठवणारी मी. शपथेला घाबरले असं नाही. लग्न मोडलं तर ते माझ्यामुळे मोडलं असं होईल, त्याला घाबरले. माझी शरम मला अशी सांगताही येते आणि गिळताही येते, पण नणंदेला त्या शरमेचा उपयोग शून्य.

लग्नाचा ब्लाउज मी एप्रिलमध्ये शिवायला घेतला. मोरपंखी शालू, त्याला जरीचा काठ. ती पुन्हा दुपारची आली, दार लावलं, आणि मी पुन्हा अंगावर माप घेतलं. ह्या वेळी टेपची गरजच नव्हती. डावीवर बाहेरच्या अंगाला एक खळी पडली होती, कोणीतरी आतून टाका घालून दोरा ओढल्यासारखी, आणि आजूबाजूची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बोलत होतो, बाही केवढी ठेवायची त्याबद्दल. मी म्हटलं, कोपरापर्यंत ठेवू. ती म्हणाली, ठेव. मी तिच्या काखेत मुंढ्याचं माप घेतलं तेव्हा तिथेही हाताला बारीक बारीक काही लागलं. मी माप लिहून घेतलं.

तसा ब्लाउज मी आयुष्यात दुसरा शिवला नाही. उजव्या बाजूला मोजून मापून भर घातली, डाव्या बाजूची खळी दिसू नये म्हणून अस्तराला दुहेरी कापड लावलं, मुंढा सैल ठेवूनही चुणी पडू दिली नाही. शिलाईत दोन्ही अंगांना जादा कापड सोडून भरपूर माया ठेवली. वजन परत वाढलं तर उसवता येईल, असं मी तिला म्हटलं. लग्नात जो तो विचारत होता, ब्लाउज कोणी शिवला? तीन बायकांनी तिथल्या तिथे मला ऑर्डर दिली. मांडवात ती मोरपंखी शालूत हसत फिरत होती आणि मी प्रत्येक वेळी तिची डावी बाजू बघत होते. कोणाला काही दिसत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मूठ मी इतकी घट्ट आवळली होती की माझीच नखं मला रुतत होती.

लग्नानंतर सतराव्या दिवशी आम्ही गोव्याच्या मोठ्या इस्पितळात गेलो. ती, भावोजी, माझे घरवाले आणि मी. तिने शब्द पाळला, मुलगी पाचपरतावणाला माहेरी येऊन गेली आणि ही स्वतःहून म्हणाली, चला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार शांत. त्यांनी तपासलं, काखेत चाचपलं, मग हात धुतले आणि विचारलं की हा फरक पहिल्यांदा कधी लक्षात आला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, लग्नानंतर, आत्ताच. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो, आत्ताच. घरी शिवणाच्या टेबलाच्या खणात माझी वही होती, त्यात साखरपुड्यापासूनचं सगळं माझ्या अक्षरात होतं.

बाहेर आल्यावर भावोजी मला म्हणाले की बरं झालं वयनी, तुम्ही वेळेवर घेऊन आलात. मी तिथे थांबले नाही. पाणी आणायला म्हणून गेले आणि नळावर तोंडात पदर कोंबून रडले.

वेळेवर नव्हतंच ते. काखेच्या पुढे गेलं होतं, हाडांत शिरलं होतं. डावी काढली, औषधं चढवली, केस गेले. तेवढ्यातही तिची थट्टा सुटली नाही. एकदा म्हणाली, आता दोन्ही बाजू सारख्या करायचं काम तुझं सोपं झालं, एकच शिवायची. त्या चतुर्थीला ती माहेरी आली नाही, आम्हीच मोदक घेऊन गेलो. वजन आता तिने न उतरवता उतरत होतं. तिला बघायला आलेली एक लांबची बाई दारातच म्हणाली, अगो, किती बारीक झालीस, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभी राहिली. पुढच्या माघात ती गेली. भाऊ पायाशी बसला होता, नवरा उशाशी. मला तिने डोळ्यांनी जवळ बोलावलं, मी कान तोंडाशी नेला, पण ती काही बोलली नाही. फक्त माझा हात तिने आपल्या डोक्याकडे ओढला. शपथ. जातानाही शपथच.

मी ती पाळली. सात महिने घरात कोणाला सांगितलं नाही.

मग श्रावणाच्या शेवटी तिची मुलगी आली. सासरी गौरीचा ओवसा होता तिचा. लग्न झाल्यावर नव्या सुनेने सुपं घेऊन गौर पुजायची असते, ते पहिल्या वर्षी आईच्या दुखण्यात राहून गेलं होतं. तिला ओवशाला आईचा मोरपंखी शालू नेसायचा होता. शालू आणि ब्लाउज पिशवीत घालून ती आली होती, मामी, हा माझ्या मापाला कर, म्हणाली. मापाला म्हणून तिने आपला एक जुना ब्लाउजही आणला होता. मी पिशवीतून तो मोरपंखी ब्लाउज काढला आणि त्याला अजून नणंदेच्या पावडरीचा वास येत होता. 

मुलगी म्हणाली की तिने घरी तो घालून बघितला होता. मग ब्लाउज माझ्या हातातून घेऊन तिने उलटा केला आणि बोटाने उजवी बाजू दाबली.

"मामी, एकाच बाजूक कप कित्याक गो घातलंस? आवशीचा डाव्या बाजूचा काढलेला ना? आणि ह्यो तर लग्नातलो ब्लाउज."

पोरगी हुशार. आईसारखीच, नजरेतून काही सुटत नाही. मला थाप मारता आली असती. फॅशन होती, कापड कमी पडलं, काहीही. तीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगते आहे. पण माझी जीभ वळली नाही. मी उठले, टेबलाचा खण उघडला आणि वही तिच्यासमोर ठेवली. तिच्या आईचं पान काढून दिलं. तिने चतुर्थीचं माप वाचलं, साखरपुड्याचं वाचलं, खाली लिहिलेले ते दोन शब्द वाचले. मग लग्नाचं वाचलं.

"तुका म्हायत होता," ती म्हणाली.

"होता. आणि तिकापण."

"लग्नाआधी?"

"लग्नाआधी. तुझा लगीन मोडू नये म्हणान."

मला वाटलं ती ओरडेल, वही फेकेल, निघून जाईल. निघून गेली असती तर मला बरं वाटलं असतं. ती पानाकडेच बघत राहिली. 

"माका कोण इचारूक नाय," ती म्हणाली. "मी थांबलंय असतंय, मामी. मी धा वर्सां थांबलंय असतंय."

 आम्ही दोघींनी मिळून जिच्यासाठी हे केलं तिलाच विचारायचं राहिलं होतं. दोन शहाण्या बायका, आणि दोघींनाही एकदाही सुचलं नाही. मी तिच्यासमोर हात जोडले. तिने ते खाली केले, पण मला जवळ घेतलं नाही.

मग मी उसवणी घेतली आणि ब्लाउजची उजवी बाजू उसवायला लागले. कप निघाला, कापूस निघाला, पिवळा पडलेला. शिलाईतली माया तशीच होती, दोन्ही बाजूंना, मुलीच्या अंगाला पुरेल एवढी. ती बघत होती. मग तिने तिचा मापाचा ब्लाउज माझ्या टेबलावरून उचलून पिशवीत परत टाकला, उठली आणि पडवीचं दार आतून लावलं.

"अंगावर घे," ती म्हणाली आणि दोन्ही हात वर करून उभी राहिली.

मी टेप घेतली.  मी डावी आधी मोजली. काखेत बोटं घालून चाचपलं, सावकाश, आशाताईने सांगितलं होतं तसं. मग उजवी. दोन्ही सारख्या. मी वहीत नवीन पान काढलं, तिचं माप लिहिलं, आणि पेन खाली ठेवून परत एकदा मोजलं.